चौथी रकात

आमच्या लाँड्रीत कपड्यांवर खुणा करत नाहीत. बाकीचे लोक कॉलरच्या आत शाईने आकडा लिहितात, नाहीतर रंगीत दोरा टाचतात. मी म्हणते, ज्याच्या डोक्यात जागा नाही त्याने शाई वापरावी. तीनशे सदऱ्यांचे तीनशे मालक मला तोंडपाठ आहेत. कुणाची कॉलर डावीकडे जास्त मळते, कुणाच्या खिशाला पेनाचा डाग आहे, कोण बायकोपासून लपवून विडी ओढतो, सगळं मला सदरा सांगतो. एकतीस वर्षांत एक कपडा चुकीच्या घरी गेलेला नाही. एकदा एक गेला होता, पण तो माझ्या मुलाने नेला होता, तो माझ्या माथी मारू नये.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून म्हातारीचं डोकं फिरलंय असं कुणालाही वाटेल. वाटू दे. मला स्वतःलाच तसं वाटत होतं.

गल्लीत मला पक्की नमाजी समजतात. मी कधी कुणाला तसं सांगितलं नाही, पण कुणी म्हटलं तर नाहीही म्हटलं नाही. खरी गोष्ट अशी, की पहाटेची आणि रात्रीची नमाज माझी, मधल्या तीन वाफेच्या. बंब तापला, चादरी उकळायला लागल्या, दारात गिऱ्हाईक उभं राहिलं, की दुपारची जोहर टळायची. जोहर टळली की तिसऱ्या प्रहरची असर तिच्या मागोमाग जायची. गिऱ्हाइकाला आम्ही जशी तारीख देतो तशी मी अल्लाहलाही देत होते: आज नाही झालं, उद्या या.

यंदा रमजानचा चंद्र दिसला त्या संध्याकाळी मी ठरवलं, हा महिना पाचही नमाजा वेळेवर. आणि महिना संपला तरी पुढे तशाच. साठी उलटली, आता नाही तर कधी? सवय नुसती मनात धरून लागत नाही, ती कामाला बांधावी लागते. चादरींचा पहिला घाणा बाहेर निघाला की जोहर. संध्याकाळच्या वाटपाचे गठ्ठे बांधून झाले की असर. मग कुणी राजा येऊन उभा राहिला तरी त्याला बाकावर बसवायचं.

सूनबाईलाही मी सोबत घेतलं. तिला घरात येऊन दीड वर्ष झालं. तिचं नाव मी मुकी ठेवलंय. जीभ नाही असं नाही, शेजारणींशी तासन्‌तास चालते, माझ्यापुढे तेवढी आत जाते. मी म्हणते, बरंय, घरात एक जीभ पुरते. आमच्यात बायका घरी मिळून नमाज पढतात तेव्हा एकजण पढवते. दोघीच असल्या तर दुसरी तिच्या उजव्या हाताला, वीतभर मागे उभी राहते. पढवणारी अर्थात मी.

पहिले पाच रोजे लोण्यातून सुरी जावी तसे गेले. मुलगा म्हणाला, "अम्मी, यंदा तुझ्या तोंडावर नूर आलाय." मी म्हटलं, "तो वाफेचा आहे, गठ्ठे उचल."

सहाव्या रोजाला जोहरच्या वेळी मी सजद्यातून, जमिनीला टेकलेलं कपाळ उचलून, उठले, आणि एकदम समोर अंधार झाल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे नाही, आत. ही तिसरी रकात की चौथी? उभं राहणं, रुकूत वाकणं, दोन सजदे, अशी एक रकात, आणि अशा चार पढायच्या. जोहर-असरला मोठ्याने पढायचं नसतं, सगळं ओठांतल्या ओठांत, त्यामुळे आवाजाचाही आधार नाही. डोक्यात मगाशी लॉजच्या चादरी होत्या. त्यातल्या दोन फाटलेल्या निघाल्या आणि लॉजवाला आता आमच्या नावाने शंख करणार, इथपर्यंत मला सगळं आठवत होतं. रकात आठवत नव्हती. अंदाजाने आणखी एक पढले आणि मान दोन्ही खांद्यांकडे वळवून शेवटचा सलाम फेरला. शेजारी मुकीनेही फेरला.

रोजा आहे, चहा नाही, म्हणून झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सातव्या रोजाला असरमध्ये तेच. आठव्याला दोन्हीत.

आता मला भीती कसली वाटली ते सांगते. माझी आई शेवटची चार वर्षं दिवसभर नमाज पढायची. सलाम फेरला, की उठून पुन्हा पहिल्यापासून. आम्ही म्हणायचो, आई, झाली तुझी असर. ती म्हणायची, कुठे झाली, वेळ निघून चाललीये. हाताला धरून बसवावं तर रडायची. जेवण ताटात सुकून जायचं. आम्ही बहिणी तोंडाला पदर लावून हसायचो, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. त्या हसण्याची मला आता, ह्या वयात, जानमाजवर, नमाजेच्या चटईवर, उभं राहून लाज वाटत होती. आईचं हे कुठून सुरू झालं? आधी एखादी रकात सुटली असेल का? कुणी पाहिलं होतं?

गंमत म्हणजे दुकानात काही बिघडलेलं नव्हतं. नवव्या रोजाला शिक्षकाच्या सदऱ्यांत कंडक्टरचा सदरा मिसळला होता, तो मी पाच पावलांवरून ओळखून वेगळा काढला. तीनशे माणसं डोक्यात बसतात आणि चार रकाती बसत नाहीत, हे कसलं डोकं? सरळ गेलं असतं तर मान्य केलं असतं. हे अर्धं दार उघडं, अर्धं बंद.

मग मी उपाय काढला. लाँड्रीत कशाची कमी नसेल तर ती चिमट्यांची. दोरीवर कपडे अडकवायचे लाकडी चिमटे. वजू करायला, हातपाय-तोंड धुवायला जाण्याआधी मी जानमाजच्या डाव्या अंगाला चार चिमटे मांडायची. दर रकातीच्या शेवटी सजद्यातून डोकं उचललं, की एक चिमटा बोटाने उजवीकडे सारायची. डावी बाजू रिकामी झाली की चार झाल्या. मुकीने एकदा बघितलं आणि कामाला लागली.

दोन दिवस झकास गेले. मी मनात म्हटलं, बघा, अक्कल विकत घ्यावी लागत नाही.

बाराव्या रोजाला जोहरला डावी बाजू रिकामी झाली, मी बसले, सलाम फेरला, आणि मनाने म्हटलं, बाई, तीनच झाल्या. चिमटे म्हणतात चार, मन म्हणतं तीन. मी चिमट्यांचं ऐकलं. लाकूड खोटं बोलत नाही, मनाचा काय भरवसा? असरला उलटं. मन म्हणतं चार झाल्या, आणि डावीकडे एक चिमटा अजून पडून. म्हणजे मी सारायची विसरले? की पढायचीच विसरले? कोणावर विश्वास ठेवायचा तेच कळेना. जानमाज गुंडाळताना घडी दोनदा वाकडी झाली. मुकीने हातातून घेतली, तर मी ओरडले, "मला घडी घालता येते! तुझा जन्म व्हायच्या आधीपासून घालतेय!"

तेराव्या रोजाला दुपारी उस्तानीबाई आल्या. त्या मुलींना कुराण शिकवतात. वय जेमतेम तेवीस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दर आठवड्याला त्यांचे पांढरे झब्बे आमच्याकडे येतात, शाईच्या डागांसकट. मी झब्बे घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि सहज म्हणावं तसं म्हटलं, "उस्तानीबाई, आमच्या एका गिऱ्हाइकाचा प्रश्न होता."

"विचारा ना."

"म्हणजे बाई तशी शहाणी आहे. घरंदाज. तिला आपलं नमाजेत आठवत नाही, तीन झाल्या की चार."

"वय काय त्यांचं?"

"असेल माझ्याएवढं. थोडी जास्तच."

"मग सोपं आहे. शंका आली की कमी आकडा धरायचा. तीन की चार, तर तीन समजायच्या आणि एक आणखी पढायची. आणि सलामच्या आधी भुलीचे दोन सजदे करायचे."

"भुलीचे?"

"विसरलं म्हणून. सजदा-ए-सहव."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी शिकवलेलं होतं. पण चाळीस वर्षांत मी तो सजदा एकदाही केला नव्हता, कारण तो करायचा म्हणजे चुकले म्हणायचं. आणि मुकीच्या शेजारी बसून? तिने विचारलं असतं, अम्मी, हे दोन कसले?

"आणि रोजच शंका आली तर?" मी विचारलं.

"तर रोज कमी धरायचा."

"आणि शंका न येताच चुकलं तर?"

उस्तानीबाईंनी चष्मा वर सरकवला. "तुमचं गिऱ्हाईक एकटं पढतं की कुणाबरोबर?"

"सुनेबरोबर. ती पढवते, सून शेजारी."

"मग सुनेने आठवण करून द्यायची. पुरुष सुबहानल्लाह म्हणतात, बाई हातावर हात मारते. असा." त्यांनी उजव्या पंजाने डाव्या हाताच्या पाठीवर चापट मारली. फट्. काउंटरवरचा माझा मुलगा दचकून वर बघायला लागला.

"सासूला?" मी म्हटलं. "सून सासूला टाळी वाजवून चूक दाखवणार?"

"सासू असो नाहीतर सासूची सासू. गप्प राहून तिची चूक होऊ देणं बरं का?" मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, घाबरू नका म्हणावं."

मी म्हटलं, "ती कशाला घाबरतेय!" आणि त्यांचे झब्बे इतके जोरात गठ्ठ्यात कोंबले, की मुलगा म्हणाला, "अम्मी, ते धुवायचे आहेत, पुरायचे नाहीत."

कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी दिवसभर पुटपुटत होते. पण चापटीचा तो आवाज कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी जोहरच्या आधी मी वजू करून आले आणि बघते तो डावीकडे तीनच चिमटे. मी चार मांडले होते. नक्की चार. मुकी बाजूला उभी, हाताची मूठ मिटलेली.

"मूठ उघड."

तिने उघडली. आत चिमटा.

"म्हणजे तू आहेस ती! मला येडी ठरवायला निघालीस? सासूचं डोकं गेलं म्हणून गल्लीत सांगायला मोकळी?"

तिने चिमटा माझ्यापुढे धरला. "अम्मी, तुम्हीच सांगितलंय, जमिनीवर चिमटा दिसला की उचलायचा. पायाखाली आला की तुटतो. हा जानमाजपासून लांब सरकला होता, मला वाटलं पडलाय."

ते मात्र खरं. त्यावरून मी तिला पहिल्याच महिन्यात दोनदा झापलं होतं.

"रोज उचलतेस?"

"नाही. आज, आणि परवा जोहरला."

"परवा असरला?"

"नाही, फक्त जोहरला."

मी तिथेच भिंतीला टेकले. परवा जोहरला चिमटे तीन होते, म्हणजे तीन रकाती झाल्या, म्हणजे माझं मन बरोबर होतं आणि चिमटे खोटे. आणि असरला चिमटे पुरे होते, म्हणजे मन खोटं होतं. की सारायचा राहिला? एका दिवसात मी एकदा शाबूत आणि एकदा गेलेली. ह्यातली खरी कुठली?

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो काही चांगला उजेड नव्हता.

"परवा जोहरला तीनच झाल्या, तेव्हा तू माझ्या शेजारी होतीस."

ती चिमटा बोटांत फिरवत राहिली.

"तुला कळलं होतं?"

मान हलली. हो.

"मग?"

"तुम्ही सलाम फेरलात, मी पण फेरला."

"आणि तुझी नमाज?"

"मी नंतर चादरीच्या खोलीत जाऊन पुन्हा पढले."

"कधीपासून हे पुन्हा पढणं चाललंय?"

"सहाव्या रोजापासून."

सहाव्या रोजापासून! मी समजत होते, माझ्या डोक्यातलं हे कुणालाच दिसलेलं नाही. आणि ही पोरगी रोज माझी चूक बघून, ओल्या चादरींच्या मागे जाऊन, एकटी निस्तरत होती.

"आणि माझी? माझ्या नमाजेचं काय झालं? ती कोण पुन्हा पढणार होतं?"

तेव्हा मुकी बोलली. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "तुम्हाला कोण सांगणार, अम्मी? मीठ कमी झालं म्हटलं तरी तुम्ही दोन दिवस बोलत नाही."

बाहेर बंबाची शिट्टी झाली. मी फक्त विचारलं, "किती वेळा चुकले?"

"कधी पाच, कधी तीन. बऱ्याचदा बरोबर."

बऱ्याचदा बरोबर. हे ऐकून हसावं की रडावं ते मला कळलं नाही. आईचंही सुरुवातीला बऱ्याचदा बरोबर असेल.

जोहर आम्ही त्या दिवशी वेगवेगळी पढलो. असरला गठ्ठे बांधून झाले, मुलगा वाटपाला निघाला. मी जानमाज अंथरली. चिमटे मांडले नाहीत.

"हे बघ," मी तिला म्हटलं, "मी चुकले तर हातावर हात मारायचा. असा."

"मला नाही जमणार."

"इस्त्री जमते, शेजारणींशी गप्पा जमतात, टाळी जमत नाही?"

"तुम्ही रागवाल."

"रागावेन तर रागावेन. नमाजेत काही बोलता येत नाही, तेवढा वेळ तू सुरक्षित आहेस."

ती हसली की काय केलं ते मी पाहिलं नाही. हात बांधले आणि सुरू केली. ह्या वेळी मी घट्ट लक्ष ठेवलं. चादरी नाहीत, लॉजवाला नाही. एक. दोन, बैठक. तीन. चार. प्रत्येक रकात मी हातात धरल्यासारखी धरून ठेवली. चौथीचे सजदे झाले, मी शेवटच्या बैठकीला बसले. अंगठे गुडघ्यावर टेकले. आज शंकेला जागाच नव्हती. मला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

फट्.

इतका बारीक आवाज, की मला वाटलं नळातून थेंब पडला. मी बसूनच राहिले. जीभ चालू होती, पुढचं पढत होते.

फट्. ह्या वेळी नीट ऐकू आला.

माझी खात्री होती, चार झाल्या. शंका असती तर कमी आकडा धरला असता, पण शंका नव्हती ना! आणि शेजारी दीड वर्ष तोंड न उघडलेली पोरगी हातावर हात मारून सांगत होती, तीनच. दोघींपैकी एकीचं डोकं खोटं होतं. तिचं असेल, तर मी एका मुलीच्या टाळीवरून चार पुऱ्या झालेल्या मोडतेय. माझं असेल, तर माझी खात्री हाच माझा आजार. बसून राहिले असते तर मुकीने पुन्हा हात मारला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. सलाम फेरला असता, ती चादरीच्या खोलीत गेली असती, आणि पुढे कधीच काही बोलली नसती. मग माझं मला कधी कळलं असतं?

आणि तेवढ्यात लक्षात आलं, की मी विचार करतेय. म्हणजे खात्री राहिलीच कुठे? टाळी वाजली तिथेच त्या खात्रीची शंका झाली होती. शंकेला नियम आहे.

मी गुडघ्यावर हात दाबून उठले. गुडघे कडकडले. आणखी एक रकात पढले. बैठक. मग सलामच्या आधी भुलीचे दोन सजदे केले, आयुष्यातले पहिले. कपाळ जमिनीला लागलं तेव्हा मुकीचा श्वास शेजारी ऐकू येत होता. ती माझ्याहून जास्त घाबरलेली होती.

सलाम फेरल्यावर मी वळले. "नक्की तीन झाल्या होत्या?"

"नक्की, अम्मी."

"शपथ घे."

"माझ्या तोंडाला रोजा आहे. खोटं कशाला बोलू?"

"मला चार वाटल्या होत्या. अजून वाटतात."

तिने माझ्या गुडघ्याला हात लावला आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जायचं का? मी येते."

"गुडघ्यासाठी?"

"गुडघ्यासाठी पण."

'पण' ऐकून मला पूर्वी राग आला असता. त्या दिवशी मी म्हटलं, "सकाळच्या घाण्यानंतर. आणि मुलाला सांगू नकोस, तो उगाच रडेल."

डॉक्टरांनी रक्त घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, आजचा वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी म्हटलं, सात सात वजा करायला माझं डोकं शाळेत गेलंच नाही, सदरे आणा, सांगते कुणाचे. ते हसले आणि म्हणाले, रिपोर्ट आल्यावर बघू. रिपोर्ट अजून यायचाय. तोवर मी शाबूत आहे की नाही, हे मला माहीत नाही आणि त्यांनाही नाही.

त्या दुपारी जोहरला जानमाज अंथरली आणि मी उजव्या हाताला, वीतभर मागे जाऊन उभी राहिले. मुकी माझ्याकडे बघत राहिली.

"बघतेस काय? पढव. वेळ निघून चाललीये."

"अम्मी, मी?"

"मग काय बंब पढवणार?"

तिने हात बांधले. मी तिच्यामागून उठत-बसत गेले आणि मोजत होते, एक, दोन, तीन. उजवा पंजा तयार ठेवला होता, ती चुकली की डाव्या हातावर मारायला. चार बरोबर झाल्या. माझ्याही चारच भरल्या, म्हणजे निदान तेव्हा आम्हा दोघींचं एकमत होतं. सलाम फेरल्यावर ती मान खाली घालून बसली, मी काय म्हणते याची वाट बघत.

"रुकूला घाईत वाकलीस," मी म्हटलं. "असरला नीट कर."